खेळाडूचा प्रशिक्षक होताना

जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर या पट्ट्यात बीजीएमआय, म्हणजे पब्जी मोबाईलचा भारतीय अवतार असलेला मोबाईलवरचा लढाईचा खेळ, त्याच्या स्पर्धा तीन-चार वर्षे नेमाने खेळलेला, ऑनलाइन पात्रता फेऱ्यांच्या पुढे एक-दोनदा जाऊन आलेला आणि आता तेविशी-चोविशीत पोचलेला खेळाडू शोधायला फार लांब जावे लागत नाही. एखाद्या संध्याकाळी गल्लीतलीच चार मुले त्याच्याकडे येतात आणि म्हणतात, "भाऊ, आमची टीम तुम्ही पाहा ना." हा लेख त्या खेळाडूसाठी आहे. होकार दिल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत काय करावे आणि कशापासून लांब राहावे, एवढेच त्यात सांगितले आहे. उत्तम खेळावे कसे हे सांगितलेले नाही; ते त्याला ठाऊक असते आणि अडचणही बहुतेक तिथूनच सुरू होते.

मी भुसावळच्या एका संघासोबत बसू लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले, "झोन पडल्यावर तुम्ही गाडी टेकडीच्या डावीकडूनच का घेता?" झोन म्हणजे नकाशावरचे लहान लहान होत जाणारे वर्तुळ, ज्याच्या आत राहावे लागते. मी तशा प्रसंगी गाडी शेकडो वेळा डावीकडून घेतली होती, पण सांगायला तोंड उघडले आणि "तिथून बरं पडतं" याच्या पुढे शब्द सापडेना. रात्री तोच सामना पुन्हा पाहिला, तेव्हा कारण दिसले. उजवीकडचा रस्ता दोन कंपाउंडच्या मधून जात होता, त्यांपैकी एकाच्या गच्चीवरून तो सरळ नजरेत येत होता आणि दोनच मिनिटांपूर्वी त्या बाजूने गोळीबार ऐकू आला होता. हे सारे माझ्या हाताने हेरले होते. जिभेला त्याचा पत्ता नव्हता. हाताला येणारी गोष्ट शब्दांत उतरवणे आणि तीही दुसऱ्याच्या हाताला उमजेल अशा शब्दांत, हेच प्रशिक्षकाचे काम आहे. पुढे जे काही लिहिले आहे ते त्या एका कामाचीच तयारी आहे.

वळण्याची वेळ

"आता आपलं वय झालं" हे वाक्य या क्षेत्रात बाविसाव्या वर्षी ऐकू येते. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्टारक्राफ्ट २ या खेळाच्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या सामन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. पडद्यावर काही नवे दिसल्यापासून पहिली हालचाल होईपर्यंतचा वेळ साधारण २४ व्या वर्षापासून वाढू लागतो, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतो: वयाने मोठे खेळाडू ही उणीव सोपे डावपेच वापरून आणि खेळातल्या सोयींचा नेटका उपयोग करून भरून काढत होते. ही जी काटकसर अनुभवी खेळाडूला साधलेली असते, तिची गरज सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त असते.

शरीराची तक्रार असेल तर वयाची वाटही पाहू नये. लीग ऑफ लेजंड्स या संगणकावरच्या खेळातला चीनचा नामांकित खेळाडू उझी याने जून २०२० मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो २३ वर्षांचा होता. हाताचे दुखणे आणि टाइप-२ मधुमेह ही कारणे त्याने सांगितली होती. मनगट किंवा अंगठ्याचे मूळ सकाळी उठल्यावर दुखत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि निर्णय त्यानंतर घ्यावा. संघातून वगळले गेले त्याच आठवड्यात "मी आता कोचिंग करणार" असे जाहीर करणे टाळावे. राग आणि कमीपणा घेऊन आलेला प्रशिक्षक मुलांकडून स्वतःचे राहिलेले सामने खेळवून घेतो, आणि मुलांच्या ते दोन दिवसांत ध्यानात येते.

मोठा खेळाडू असल्याशिवाय प्रशिक्षक होता येत नाही, हाही एक गैरसमज आहे. दक्षिण कोरियाचा किम जोंग-ग्युन याचे खेळाडू म्हणून फारसे नाव नव्हते. त्याच्या हाताखाली एसके टेलिकॉमच्या संघाने २०१३, २०१५ आणि २०१६ या वर्षी लीग ऑफ लेजंड्सचे जगज्जेतेपद मिळवले. त्या तिन्ही वेळी संघात खेळाडू म्हणून असलेला बेंगी पुढे त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. दोन्ही वाटा चालतात. पब्जी मोबाईलच्या दिवसांपासून 'घातक' या नावाने ओळखला जाणारा अभिजीत अंधारे हा खेळाडूचा प्रशिक्षक झाल्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण आहे. उलट वाटही अगदीच बंद नसते: डोटा २ या संगणकावरच्या खेळातला फ्रान्सचा सेब हा ओजी संघाचा प्रशिक्षक होता, मग पुन्हा खेळाडू म्हणून त्याच संघात उतरला आणि २०१८ व २०१९ अशी सलग दोन वर्षे 'द इंटरनॅशनल' ही त्या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकला. मात्र त्याच्या भरवशावर कोणी बेत आखू नये.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर एक सोपी पद्धत आहे. ज्या संघाशी आपला काही संबंध नाही, त्याच्या एका दिवसाच्या सहा सामन्यांचे प्रक्षेपण घ्यावे, समालोचनाचा आवाज बंद करावा आणि प्रत्येक सामन्यानंतर त्या संघाचे काय चुकले ते चार-पाच ओळींत लिहावे. तिसऱ्या सामन्यानंतर हात मोबाईलकडे जाऊन "चला, एक मॅच टाकू" असे वाटू लागले, तर अजून आपल्यात खेळाडूच जागा आहे, खुशाल खेळावे. सहाव्या सामन्यानंतरही पुढच्या ओळी लिहाव्याशा वाटल्या, तर मुलांना होकार द्यावा.

वही

पहिला महिना सल्ले देण्यात घालवू नये. तो पाहण्यात आणि लिहिण्यात घालवावा. चौघांनाही प्रत्येक सामन्याचे स्क्रीन रेकॉर्डिंग करायला लावावे, त्यात आपापसांतले बोलणेही यायला हवे. फोनमध्ये जागा नसेल, तर निदान एकाचे, आणि तेही आयजीएलचे, म्हणजे सामना चालू असताना जो निर्णय देतो त्याचे रेकॉर्डिंग असावे. शंभर पानी साधी वही पुरते. मी एक्सेलची पत्रके बनवून पाहिली, पण मुलांसमोर वही उघडली की ती वाकून पाहतात आणि लॅपटॉप उघडला की मागे सरकून बसतात.

वहीत काय लिहावे, हे गुणांच्या पद्धतीवरून ठरते. बीजीएमआयच्या स्पर्धांत १६ संघ एका लॉबीत, म्हणजे एका सामन्यात असतात. पहिल्या क्रमांकाला १०, मग ६, ५, ४, ३, २ आणि सातव्या-आठव्याला प्रत्येकी १ गुण मिळतो; प्रत्येक फिनिशचा, म्हणजे शत्रूचा एक खेळाडू बाद केल्याचा, एक गुण वेगळा. आता दोन सामने शेजारी ठेवून पाहा. एकात संघ बाराव्या क्रमांकावर बाद झाला, पण सहा फिनिश करून. दुसऱ्यात चौथा आला, पण दोनच फिनिश करून. गुण दोन्हीकडे सहाच. मुले दोन्ही दिवशी "ठीक झालं" म्हणतात. पहिल्या सामन्यात मात्र संघ लढाई जिंकल्यावर जागचा हलला नाही आणि तिसऱ्या संघाने येऊन त्याला आयता टिपला. दुसऱ्यात संघ शेवटपर्यंत लपून राहिला आणि शेवटच्या वर्तुळात त्याच्याजवळ धूर उरला होता ना बॉम्ब. आकडा एक आणि दुखणी दोन. म्हणून वहीत गुणांच्या शेजारी तीन गोष्टी लिहाव्यात: वर्तुळ दिसल्यापासून संघ हलेपर्यंत किती वेळ गेला, पहिला गडी कुठे आणि कोणाकडे पाहताना पडला, आणि बाद होताना प्रत्येकाकडे स्मोक, म्हणजे धुराचे बॉम्ब, किती शिल्लक होते. शेवटची नोंद क्षुल्लक वाटते, पण पडलेल्या खेळाडूच्या सामानाच्या पेटीत सहा स्मोक सापडतात तेव्हा त्यासारखा पुरावा दुसरा नसतो.

पंधरा-वीस सामने असे लिहून झाले की मुलांची नावे झाकली तरी कोणते पान कोणत्या मुलाचे ते ओळखू येऊ लागते. तोवर डावपेचांविषयी काहीही बोलू नये. मुले विचारतील. "पाहतोय अजून," एवढेच उत्तर द्यावे.

"तठे दोन शेतस"

अमळनेरजवळच्या एका गावातल्या संघाचे रेकॉर्डिंग मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा त्यातला एक मुलगा सामन्याच्या ऐन मोक्याला ओरडत होता, "तठे दोन शेतस! तठे, तठे!" म्हणजे अहिराणीत, तिथे दोघे आहेत. त्याला दोन शत्रू स्पष्ट दिसत होते. उरलेले तिघे तीन दिशांना वळले आणि पुढच्या काही सेकंदांत दोघे नॉक झाले, म्हणजे गोळ्या लागून खाली पडले. मुलाने पाहिले बरोबर, सांगितले तत्परतेने, आणि तरी ते फुकट गेले. कारण 'तठे' म्हणजे कुठे, हे फक्त बोलणाऱ्याच्या पडद्यावर होते.

अशा वेळी बरेच नवे प्रशिक्षक मुलांना इंग्रजीत किंवा हिंदीत बोलायला लावतात. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. तोंडावर गोळ्या येत असताना माणूस घरच्या भाषेतच बोलणार, आणि तिथे भाषांतर करायला लावणे म्हणजे अर्धा सेकंद हकनाक घालवणे. भाषा अहिराणीच राहू द्यावी, लेवा गणबोली असेल तर तीही राहू द्यावी. बदलायचा आहे तो शब्दांचा क्रम. खेळाच्या पडद्यावर वरच्या बाजूला होकायंत्राची पट्टी असते आणि तिच्यावर पंधरा-पंधरा अंशांच्या खुणा असतात, म्हणजे सगळ्या मिळून २४ दिशा. आधी अंश, मग अंतर, मग खूण, मग संख्या: "एक-नऊ-पाच, जवळ, पिवळा बंगला, दोन." अंक सुटे-सुटे बोलायचे, कारण एकशे पंचाण्णव आणि एकशे पासष्ट हे शब्द गोळीबारात सारखेच ऐकू येतात, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाला एकोणसत्तर म्हणजे किती याचा विचार करत बसावे लागते. बरोबर अंश जमला नाही तर पट्टीवरची जवळची खूण सांगावी. पंधरा अंश इकडेतिकडे झाल्याने तितके बिघडत नाही, जितके 'तठे' म्हटल्याने बिघडते.

हा क्रम सामन्यात शिकवता येत नाही. मी मुलांना सरावाच्या मैदानात, कोणी शत्रू नसताना, उभे करतो. एकाने गाडी, टाकी, झाड असे काही निवडायचे आणि वरच्या क्रमाने सांगायचे, बाकीच्यांनी न विचारता त्यावर नेम धरायचा. दहा मिनिटे रोज. पहिले चार दिवस हसण्यातच जातात. दहाव्या-बाराव्या दिवशी प्रत्यक्ष सामन्यातही मुले तसे बोलू लागतात, आणि रेकॉर्डिंग ऐकताना बोलणे एकदम कमी झाल्यासारखे वाटते.

दुसरा नियम नॉक झालेल्या खेळाडूसाठी आहे. त्याने फक्त शत्रू कुठे आहे आणि त्याला किती मार बसला आहे ते सांगावे. "काबर गया तू तठे?" (तू तिथे का गेलास?) हा प्रश्न सामना संपेपर्यंत कोणीही कोणाला विचारायचा नाही. हा नियम मोडणाऱ्याला मी शिक्षा करत नाही. संध्याकाळी त्याचे त्यालाच ते रेकॉर्डिंग ऐकवतो.

एकच पील ठेवायचे

रावेर-यावलकडे केळीची नवती, म्हणजे पहिली बाग, कापल्यावर बुंध्याशी चार-पाच पिले फुटलेली असतात, त्यांतले एक जोमदार पील पिलबागेसाठी, म्हणजे पुढच्या पिकासाठी, ठेवतात आणि बाकीची कापून टाकतात. सगळीच ठेवली तर एकाचाही घड धड भरत नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नव्या प्रशिक्षकाला मात्र सांगावे लागते. वहीत एका सामन्याच्या पंधरा चुका असतात आणि त्या सगळ्या आजच सांगाव्यात असे त्याला वाटते. खेळाडू म्हणून त्याला त्या एका नजरेत दिसतात, हेच त्याचे दुर्दैव. आठवड्याला एक चूक निवडावी आणि बाकीच्या दिसल्या तरी न दिसल्यासारखे करावे.

निवड करताना ज्या चुकीमुळे इतर चुका घडतात, ती शोधावी. समजा, संघ वारंवार शेवटच्या वर्तुळांत उघड्यावर सापडतो. वरवर पाहता आडोसा घेता येत नाही असे दिसते. वही उलटून पाहिली तर आधीची दोन वर्तुळे संघ उशिरा हललेला असतो आणि चांगल्या जागा तोवर दुसऱ्यांनी धरलेल्या असतात. मग त्या आठवड्यात आडोशाचे नावही काढू नये. लूट अर्धवट टाकून गाडीत बसण्याची सवय, एवढेच धरावे आणि रोज हलण्याची वेळ लिहून मुलांना दाखवावी.

सामने पाहण्याची बैठक पाऊण तासाहून लांबवू नये आणि पूर्ण सामना कधीच दाखवू नये. तीन तुकडे काढावेत, त्यांतला एक चांगल्या खेळाचा असावा. तुकडा थांबवून आधी ज्या मुलाचा तो आहे त्याला विचारावे, "इथे तुला काय दिसत होतं?" आपल्याला वरून सारा नकाशा दिसतो, त्याला तेव्हा फक्त भिंत दिसत होती, हा फरक विसरून दिलेला सल्ला मुले ऐकून घेतात आणि सोडून देतात. मुलाचे उत्तर संपल्यावर आयजीएलला विचारावे आणि आपण सर्वांत शेवटी बोलावे. आयजीएलची चूक चौघांसमोर दाखवायची असेल, तर आधी त्याला एकट्याला सांगून ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्या तिघांना हुकूम त्यालाच द्यायचे असतात.

एक मोह फार मोठा असतो: मुलाच्या हातातला मोबाईल घेऊन "बघ, असं मार" म्हणून दाखवणे. त्यातून मुलाला फक्त आपण चांगले खेळतो एवढेच कळते. तसेच स्वतःची सेन्सिटिव्हिटी (बोट हलले की नेम किती सरकावा याचे माप) आणि बटणांची मांडणी मुलांवर लादू नये. दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्या मुलाला चार बोटांवर आणायचे असेल, तर ते काम स्पर्धेच्या मोसमाबाहेर, त्याच्या संमतीने आणि महिना-दीड महिना खेळ बिघडेल हे आधी मान्य करून हाती घ्यावे. स्पर्धा पंधरा दिवसांवर असताना हा उद्योग करणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत आणि पहिल्या वर्षी त्यांतला एक मी होतो.

सामन्याच्या दिवशी

प्रत्येक स्पर्धेचे नियमपुस्तक प्रशिक्षकाने स्वतः, अथपासून इतिपर्यंत वाचावे. मुलांनी वाचले असेल असे समजू नये. प्रशिक्षकाने कधी बोलावे याचे नियम खेळागणिक बदलतात. लीग ऑफ लेजंड्समध्ये पात्रांची निवड चालू असेपर्यंत प्रशिक्षक वही घेऊन खेळाडूंच्या मागे उभा असतो आणि खेळ सुरू होण्याआधी मंचावरून उतरतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके काळी प्रशिक्षक सामना चालू असताना सतत बोलत असे, अनेक संघांत सहावा खेळाडूच म्हणा ना; ऑगस्ट २०१६ मध्ये खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ते बंद करून सरावाचा वेळ, मध्यंतर आणि चार छोटे टाइमआउट एवढ्यापुरतेच बोलणे ठेवले. त्यानंतर पाचच महिन्यांनी, जानेवारी २०१७ मध्ये, अ‍ॅस्ट्रॅलिस या डेन्मार्कच्या संघाने आपली पहिली मेजर, म्हणजे या खेळाची सर्वांत मोठ्या दर्जाची स्पर्धा, जिंकली. त्याचा प्रशिक्षक डॅनी सोरेन्सन ऊर्फ झोनिक हा काउंटर-स्ट्राइक १.६ च्या काळातला खेळाडू होता. २०१८ ची एक आणि २०१९ च्या दोन मेजर त्याने याच संघाबरोबर जिंकल्या आणि २०२३ ची पॅरिसमधली मेजर व्हिटॅलिटी संघाबरोबर. प्रशिक्षकाचे तोंड बांधल्यावर त्याला पाच मेजर मिळाल्या, याचा अर्थ काम आधीच होऊन गेलेले असते.

याच खेळाची काळी बाजूही लक्षात ठेवावी. प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावर एका जागी अडकून राहण्याची एक तांत्रिक त्रुटी काउंटर-स्ट्राइकमध्ये होती, तिच्यामुळे त्याला प्रतिस्पर्धी संघ दिसत असे. ती वापरल्याबद्दल ई-स्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशनने सप्टेंबर २०२० मध्ये ३७ प्रशिक्षकांवर बंदीची कारवाई केली. आपल्याकडच्या लहान ऑनलाइन स्पर्धांत प्रशिक्षक शेजारच्या खोलीत थेट प्रक्षेपण लावून मुलांना इशारे देतो, हा त्याचाच गावठी अवतार आहे. त्या संघांशी पुढे कोणी सराव सामनेही खेळत नाही.

दोन सामन्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात एकच वाक्य बोलावे आणि ते पुढच्या सामन्याविषयी असावे. मुलांना पाणी द्यावे, फोन चार्जिंगवर असताना खेळू देऊ नये आणि कोणाच्या फोनवर गुणतक्ता उघडलेला असेल तर तो बंद करायला सांगावे.

ऊन, वीज आणि नेट

पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षकाला ज्याचा विचार करावा लागत नाही, अशी एक गोष्ट आपल्याला करावी लागते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत फोन इतका तापतो की तो आपोआप मंदावतो. फ्रेम तुटू लागतात, म्हणजे पडद्यावरचे चित्र अडखळते, आणि मुलाला वाटते आपला हात बिघडला. मोसमातला सराव सकाळी सहा ते नऊ किंवा रात्री आठनंतर ठेवावा. फोनच्या पाठीला लावायचा छोटा पंखा जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मिळतो, तो जरूर घ्यावा. पाण्याच्या कूलरसमोर मात्र बसू नये, ओलसर हवेने अंगठे पडद्यावर चिकटतात. नेटसाठी फायबर आणि दुसऱ्या कंपनीचे सिम असे दोन मार्ग असावेत आणि राउटरला छोटी बॅटरी जोडलेली असावी, कारण वीज गेली तर फोन चालू राहतो आणि वाय-फाय जाते.

आई-वडील

चौघांतले दोघे-तिघे अठरा वर्षांखालील असतील, तर पहिली बैठक मुलांबरोबर नव्हे, पालकांबरोबर घ्यावी. घरी जावे, चहा घ्यावा आणि दहावी-बारावीच्या वेळापत्रकाप्रमाणे सराव कमी होईल हे आपणहून सांगावे. २०२३ मध्ये बीजीएमआय परत सुरू झाला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा घालण्यात आली होती. तेवढ्यात बसेल असेच वेळापत्रक आखावे.

पालकांचा खरा प्रश्न बहुधा एकच असतो: "यात पैसे लावतात का?" त्याचे उत्तर आज कायद्याने देता येते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला पैसे लावून खेळायच्या खेळांपासून वेगळे काढून त्या दुसऱ्या प्रकारावर बंदी घातली. म्हणून पन्नास-शंभर रुपये गोळा करून जिंकणाऱ्याला वाटणाऱ्या खासगी रूममध्ये आपला संघ कधीही उतरवू नये, सरावासाठीसुद्धा नाही. मुलांशी बोलणे पालकांना पाहता येईल अशा गटातच करावे, सराव एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत ठेवू नये आणि स्पर्धेसाठी बाहेरगावी नेताना लेखी संमती घ्यावी.

मानधन आणि कागद

सुरुवातीला पैसे थोडे मिळतात, कधी मिळतही नाहीत. म्हणून पहिली दोन वर्षे नोकरी, दुकान किंवा शेती सोडू नये. मात्र पैसे कितीही थोडे असले तरी कागद करावा. २०२२ च्या उन्हाळ्यात मी बाहेरच्या शहरातल्या एका संस्थेच्या संघाला शिकवत होतो, सगळे फोनवर ठरलेले. जुलैच्या शेवटी बीजीएमआय फोनवरच्या अ‍ॅप-दुकानांतून काढला गेला, संस्थेने "आता खेळच नाही तर मानधन कसलं" म्हणून आधीच्या दोन महिन्यांचेही पैसे बुडवले आणि माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती. हे पहिल्यांदा घडले होते असेही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाईल बंद झाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला, जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. म्हणून खेळ बंद पडल्यास झालेल्या कामाचे पैसे केव्हा मिळतील आणि करार किती दिवसांत सुटेल, हे कलम आपल्या करारात असायलाच हवे.

बाकी कलमे नेहमीची: दरमहा रक्कम किंवा बक्षिसातला वाटा, मुदत, किती दिवसांची सूचना, प्रवासाचा खर्च कोणाचा. बक्षिसातला वाटा ठरवताना तो कर कापण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या, ते शब्दांत लिहून घ्यावे. बक्षिसावर सहसा ३० टक्के कर कापला जातो आणि मानधन व्यावसायिक शुल्क म्हणून दिल्यास १० टक्के, त्यामुळे फरक मोठा पडतो. सामन्यांच्या नोंदींची वही आपली राहील, हेही लिहून घ्यावे. एखादा खेळ बंद पडला तर दुसऱ्या खेळाकडे जाताना बंदुकांची नावे आणि नकाशे मागे राहतात, पण बैठक कशी घ्यायची, चूक कशी निवडायची आणि मुलाला काय विचारायचे हे त्या वहीतूनच पुढे नेता येते.

स्वतःचे खेळणे

ते थांबवू नये. खेळात दर दोन-तीन महिन्यांनी बदल होतात आणि हाताने न खेळता ते कळत नाहीत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अनोळखी लोकांबरोबर, आपल्या मुलांपासून दूर खेळावे. त्यांच्या सरावात मात्र चौथा गडी म्हणूनही बसू नये. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या संघातला एक मुलगा आईबरोबर मामाच्या गावाला गेला, सराव सामन्याचा स्लॉट वाया जाऊ नये म्हणून मी त्याच्या जागी उतरलो आणि त्या संध्याकाळी आम्ही लागोपाठ दोन सामने जिंकलो. मुले खूश होती, मीही होतो. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकले तर आयजीएल पूर्ण वेळ गप्प होता. प्रत्येक वर्तुळाला तिघेही माझ्या आवाजाची वाट पाहत होते. तो मुलगा पुन्हा धिटाईने निर्णय देऊ लागायला तीन आठवडे गेले. आता आखाजीला कोणी मामाकडे गेले, तर उरलेले तिघे तिघेच खेळतात आणि मी वही घेऊन मागे बसतो.